रविवारच्या संदेशाआधी: अनोमिया या शब्दाबद्दल

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम. तरुण संघासाठी तू तयार केलेला संदेश नीट वाचला. मेहनत घेतलीयस ते दिसतंय, आणि १ योहान ३:४ (‘पाप म्हणजे अनोमिया’) सारखं अवघड वचन स्वतःहून निवडलंस याचं खरंच कौतुक वाटलं. पण ‘अनोमिया म्हणजे जाणूनबुजून मोडलेला देवाचा कायदा, आणि अशा पापाला क्षमा नाही’ हे जे वाक्य बोल्ड करून ठेवलंयस ना, ते तसं बोलू नकोस. त्यातलं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळे समोर बसलेलं एखादं पोर त्या रात्री झोपणार नाही.

आधी शब्द बघू. अनोमिया हा ग्रीक शब्द, नोमोसवरून आलेला. नोमोस म्हणजे नियम, कायदा, आणि यहुदी माणसाच्या तोंडी बहुतेक वेळा मोशेचं नियमशास्त्रच. त्याच्या आधीचा ‘अ’ म्हणजे आपल्या अन्याय, अधर्म मधलाच ‘अ’, ग्रीक आणि संस्कृत दोन्हीकडे तो एकाच मुळातून आलाय. इथवर सोपं आहे. आता ॲपमध्ये स्ट्राँगच्या (बायबलमधल्या मूळ शब्दांना नंबर देणाऱ्या सूचीच्या) ४५८ नंबरवर टॅप केलं की अर्थाची एक ओळ येते आणि आपल्याला वाटतं झालं काम, तुझंही तेच झालंय बहुतेक. नव्या करारात हा शब्द जेमतेम पंधरा ठिकाणी आहे रे, एका संध्याकाळी सगळी वचनं उघडून वाचून होतात, ते कर.

‘जाणूनबुजून’ हे त्या शब्दात आपोआप बसलेलं नाही. १ करिंथ ९:२१ मध्ये पौल म्हणतो की नियमशास्त्र नसलेल्यांसाठी मी नियमशास्त्र नसलेल्यासारखा झालो, तिथे अनोमोस, म्हणजे ज्यावरून अनोमिया बनला तोच शब्द आहे आणि तो साध्या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांबद्दल आहे, ज्यांच्याकडे मोशेचं शास्त्र कधी आलंच नव्हतं. त्यांनी मुद्दाम काय मोडलं? जिथे मुद्दामपणा सांगायचाय तिथे वेगळा शब्द येतो, इब्री १०:२६ मध्ये हेकुसिओस, म्हणजे स्वखुशीने, आणि गणना १५:३० मध्ये तर ‘उंच हाताने’ केलेलं पाप असं मूळ हिब्रूत आहे, ग्रीक भाषांतरात ते ‘गर्वाच्या हाताने’ झालं. माहीत असलेली सीमा ओलांडणं यासाठी पौलाकडे पाराबासिस आहे, रोम ४:१५ बघ, जिथे नियमशास्त्र नाही तिथे उल्लंघनही नाही.

पण योहानाकडे आलास की तुझं अर्धं बरोबर ठरतं, आणि मला वाटतं खरा खजिना इथेच आहे. योहानाच्या तिन्ही पत्रांत नोमोस हा शब्द एकदाही नाही! मग पाप म्हणजे अनोमिया असं तो म्हणतो तेव्हा मोशेच्या कुठल्या कलमाचा भंग एवढंच त्याच्या मनात असेल असं मला नाही वाटत. तो आज्ञांबद्दल सतत बोलतो, आणि ३:२३ मध्ये आज्ञा काय ते सांगूनच टाकतो, येशूच्या नावावर विश्वास ठेवा आणि एकमेकांवर प्रीती करा. त्याच्या आजूबाजूला ‘आमच्यात पापच नाही’ म्हणणारे लोक होते, काही तर मंडळी सोडून गेलेले (२:१९), त्यांना तो सांगतोय की तुम्ही ज्याला किरकोळ समजता ती देवाला दिलेली पाठ आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, इथे ‘स्वैराचार’ आहे, मला तो शब्द आवडतो, त्यात मन मानेल तसं वागण्याची गुर्मी ऐकू येते. ‘अधर्म’ मात्र टाळ, आपल्याकडे तो ऐकला की लोकांच्या डोक्यात दुसऱ्यांचा धर्म येतो आणि मग संदेश भलतीकडेच जातो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातली वचनं तू घेतलीच नाहीस, त्याचं वाईट वाटलं. ७:२३ मध्ये ‘अहो अनाचार करणाऱ्यांनो, निघून जा’ हे कोणाला म्हटलंय? ज्यांनी प्रभूच्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली त्यांना. २३:२८ मध्ये कोण? शास्त्री आणि परुशी, म्हणजे नियमशास्त्र सगळ्यात काटेकोर पाळणारी माणसं, आणि त्यांच्या आत अनोमिया भरलीय असं येशू म्हणतो. २४:१२ मध्ये अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल असं आहे, तिथेही हाच शब्द. आणि तुझ्या मसुद्यात उदाहरणं कुणाची? दारू पिणारा, देवळाबाहेर उभा असलेला पोरगा, चर्चला न येणारे. येशूने हा शब्द आत बसलेल्यांना लावला आणि तू बाहेरच्यांना लावतोयस, हे बदलल्याशिवाय मी तुला हो म्हणणार नाही.

आता क्षमेचं. रोम ४:७ उघड, स्तोत्र ३२ मधलं वचन आहे, ज्यांच्या अनोमियांची क्षमा झाली ते धन्य. तीत २:१४, सगळ्या अनोमियापासून सोडवायला त्याने स्वतःला दिलं. इब्री १०:१७, त्यांची पापं आणि अनोमिया मी यापुढे आठवणार नाही, आणि हे त्या भीतीदायक २६व्या वचनाच्या (जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापांसाठी यज्ञ उरत नाही) जेमतेम नऊ वचनं आधी आहे, दोन्ही एकत्रच वाचावी लागतात. तिथला इशारा खरा आहे, तो बोथट करू नकोस, पण ‘क्षमा नाही’ हे ‘अनोमिया’ या शब्दाला चिकटवता येत नाही.

ग्रीक मंचावर किती बोलायचं हेही सांगतो. पंडिता रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, केडगावला बसून अख्खं शास्त्र मराठीत उतरवलं, १९२२ साली गेल्या तोवर त्याच कामात होत्या, आणि हे सगळं कशासाठी तर साध्या बायकांना ते वाचून समजावं म्हणून. तू पाच ग्रीक शब्द म्हणून दाखवलेस तर पोरांना तू हुशार वाटशील, वचन तेवढं जवळ येणार नाही. अनोमिया एकदा सांग, पुरे.

तर ‘क्षमा नाही’ हा तिसरा मुद्दा पूर्ण काढ, मत्तय ७ आत घे, आणि जी वेळ वाचेल ती १ योहान ३:१७ ला दे, भाऊ गरजेत दिसतोय, आपल्याकडे आहे, आणि तरी आपण मनाचं दार लावून घेतो ते वचन. योहानाने स्वैराचारावरून तिथपर्यंत नेलंय, तूही ने. सुधारलेलं शुक्रवारपर्यंत पाठव, रात्री उशिरा पाठवलंस तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
काका