गुलालाची रील्स आणि न उघडलेलं पुस्तक

"मॅडम, इन्स्टा काढूनच टाकू का?" मी समुपदेशन करते. स्पर्धा परीक्षांचे निकाल लागायला लागले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारा बहुधा पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन रात्री दहाला बाहेर पडणारा, दोन-तीन प्रयत्न झालेला असतो. कधी पालक येतात. प्रश्न तोच, फक्त त्यांच्या तोंडी तो "मोबाइलनं वाटोळं केलं" असा येतो.

खालचा दत्ता अशा अनेकांचा मिळून केलेला आहे. वय २६, पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य दोन्ही वेळा हुकली. इन्स्टाग्राम चार वेळा काढून चार वेळा परत टाकलेलं. "दोन दिवस बरं वाटतं. मग ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकतं, आणि झालं परत डाउनलोड." प्रत्येक डाउनलोडनंतर स्वतःला शिव्या, की एवढंसुद्धा जमत नाही. म्हणजे मूळ दुखणं एक आणि त्यावर हे दुसरं.

'सोशल मीडिया वाईट का?' याचं हो-नाहीत उत्तर मी देत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटं, एवढ्यावर तीन आठवडे आणलं होतं. एकटेपणा आणि उदासी कमी झाली ती तेवढ्यानं. कुणाला काहीही पूर्ण सोडायला लावलं नव्हतं. वेळेला मर्यादा हवीच, पण त्या दहा मिनिटांत डोळ्यांसमोर काय येतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणून दत्ताला तिथंच फोन उघडायला लावला. पहिल्या ३० पोस्ट, वहीत तीन रकाने: ओळखीचं, कामाचं, टोचणारं. ओळखीचं ४, कामाचं ५, टोचणारं २१. त्यातल्या १३ पोस्टमध्ये गुलाल होता. उघडी जीप, डीजे, हारात बुडालेला नवा पीएसआय, आईच्या पायावर डोकं आणि खाली 'संघर्ष' हा शब्द.

"यातल्या कुणाला फॉलो करतोस?"

"एकालाही नाही. लाईकपण करत नाही."

"थांबून बघतोस?"

जरा वेळानं म्हणाला, "शेवटपर्यंत. कधीकधी दोनदा."

इथं बहुतेकांची गफलत होते. आपण काय फॉलो करतो यापेक्षा कुठं किती वेळ थांबतो, काय पूर्ण बघतो, कुणाला पुढं पाठवतो, यावरून पुढचा माल ठरतो. चिडून केलेली कमेंटही ॲपला रसच वाटते. मित्राला "बघ रे, काय नाटक आहे" म्हणून पाठवलेलं रील तर आणखी दहा घेऊन येतं.

"टोचतं तर पुढं का ढकलत नाहीस?"

"ढकललं तर आग विझेल ना, मॅडम."

या वाक्यापाशी पोचायला आम्हाला तीन भेटी लागल्या होत्या, आणि मी त्यावर घाई केली नाही. दत्ताला व्यसन लागलं नव्हतं. तो स्वतःला चाबूक मारत होता, आणि चाबूक सोडला तर बैल बसेल अशी त्याची पक्की समजूत होती. अशा माणसाला 'फोन दूर ठेव' सांगणं म्हणजे त्याच्या हातातली एकमेव काठी काढून घेणं. चार वेळा काढलेलं ॲप चार वेळा परत का आलं, ते मला तेव्हा उलगडलं.

समजुतीशी वाद घालण्यापेक्षा ती तपासायला देणं मला आवडतं. आठवडाभर एकच नोंद: गुलालाचं रील बघितल्यावर अर्ध्या तासात पुस्तक उघडलं का? पुढच्या भेटीत तो वही घेऊन आला. ११ वेळा बघितलं, ९ वेळा पुस्तक उघडलं नाही. "आणि दोनदा उघडलं तेव्हा?" तो कसनुसा हसला. "नवीन टाइमटेबल केलं."

आग अभ्यासाखाली पेटतच नव्हती. 'याच वर्षी निघालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' या वाक्यातल्या 'च'ला ती धग लागत होती. 'निघायचं आहे, जीव लावून प्रयत्न करीन. नाही निघालो तर वाईट वाटेल, पण मी कुचकामी ठरणार नाही' हे वाक्य त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तीनदा खोडून. माझे काही सहकारी आधी फोन आवरायला सांगतात, मग मनाकडे वळतात. मी क्रम उलटा ठेवते. 'च' ढिला झालेला नसेल तर साफ केलेलं फीड माणूस आठ दिवसांत स्वतःच्या हातानं परत भरतो.

त्यानंतर मात्र फोनचं काम बारकाईनं केलं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस' आहे. तिथून सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस बंद ठेवता येतात. हे फक्त मुख्य फीडला लागू होतं, रील्सच्या टॅबला नाही. तिथं प्रत्येक टोचणाऱ्या रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबावं लागतं, आणि तेही शेवटपर्यंत बघून नव्हे, तर दिसताक्षणी. दोन-चारदा दाबून 'काही होत नाही' म्हणू नये. मी दोन-तीन आठवडे धरायला सांगते. 'कंटेंट प्रेफरन्सेस'मध्येच नको असलेले शब्द घालायची सोय आहे. दत्तानं 'गुलाल', 'टॉपर' आणि 'संघर्ष' घातले, मराठीत आणि इंग्रजी लिपीतही, कारण लोक दोन्हीत लिहितात. फारच चिखल झाला असेल तर सुचवणी मुळापासून रिसेट करता येते, पण ती परत फिरवता येत नाही.

यूट्यूबवर वॉच हिस्टरी थांबवून जुनी पुसली की होम रिकामं होतं. लेक्चरसाठी सबस्क्रिप्शनचा टॅब पुरतो.

नात्यातल्या आणि मित्रांच्या बाबतीत अनफॉलोच्या फंदात पडू नये. रुसवेफुगवे वेगळे निस्तरावे लागतात. म्यूट करावं, समोरच्याला कळत नाही. दत्ताचा रूममेट त्याच वर्षी निघाला होता. त्याच्या स्टोरी आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दोन्ही म्यूट. दोघं मेसमध्ये एका टेबलावर जेवत होते, आणि अभिनंदन दत्तानं तोंडानं, मनापासून केलं होतं.

फीड नुसतं रिकामं ठेवलं तर रिकाम्या जागेत पहिलं तेच येतं. कुस्तीची मैदानं आणि विहिरींची कामं बघायला त्याला आवडायची. ती मुद्दाम शोधून, शेवटपर्यंत बघायला लावली.

मध्ये एकदा गाडी घसरली. निकालाच्या रात्री त्यानं एका ओळखीच्या मुलाचं नाव सर्चमध्ये टाकलं आणि सकाळपर्यंत फीडमध्ये पुन्हा जीपा आल्या. तो म्हणाला, "सगळं पाण्यात गेलं." मी म्हटलं, "मोज." ३० पैकी ६ निघाले. सर्च हिस्टरी पुसली, सहाही रील्सवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबलं. पुढच्या निकालाचा दिवस त्यानं आधीच ठरवून टाकला: आपला नंबर आयोगाच्या यादीत स्वतः बघायचा, फोन दोन दिवस चुलतभावाकडे ठेवायचा आणि शनिवारी गावाकडच्या मैदानाला कुस्त्या बघायला जायचं.