सोलोच्या खालची कॉर्ड

खानापूरच्या आपल्या नव्या सदस्यांनी विचारले आहे की, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आणि घरात अभंग, नाट्यगीते ऐकत वाढलेल्या माणसाने रॉक गिटारचे कोणते सोलो, म्हणजे गाण्यात गिटार एकटी पुढे येऊन वाजते ते तुकडे, आधी ऐकावेत, आणि घरी असलेल्या साध्या अकूस्टिक गिटारवर ते शिकता येतील का. इतरांनी सुचवलेले बहुतेक सोलो आपल्याला नुसती बोटांची कसरत वाटले, असेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. आधीच्या उत्तरांत नावे भरपूर आली आहेत. मी थोडीच घेतो, पण ती कशी ऐकावीत हे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या कानाला नेमके तिथेच अडते असे माझे मत आहे.

आपला कान एका षड्जावर, म्हणजे एका ठरलेल्या ‘सा’वर, तयार झालेला असतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन असो, किंवा मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी असो, तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही आणि प्रत्येक स्वर त्याच्याशीच आपले नाते सांगतो. रॉकमध्ये मात्र सोलो चालू असताना खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलत राहते, त्यामुळे गिटारने तोच स्वर धरून ठेवला तरी त्या स्वराचा भाव खालून बदलतो. हा बदल ज्याला ऐकू येत नाही त्याला वरचा वेग तेवढा ऐकू येतो, आणि मग ती कसरत वाटणारच. बेळगावच्या टिळकवाडीत आम्ही मराठी, कन्नड आणि कोंकणी बोलणारे काही मित्र एकत्र बसून रेकॉर्ड ऐकतो, तेव्हा हा फरक फार स्पष्ट जाणवतो: लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात गायलेले कॅम्प भागातले मित्र कॉर्ड बदलली की लगेच मान वर करतात, तर आम्ही भजनातली माणसे तार ओढून काढलेल्या मींडेवर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यावर, दाद देतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू येऊ लागल्या की सोलो खरा उलगडतो.

म्हणून सुरुवात ईगल्स या बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’पासून करावी, असे मी सुचवीन. 1976 च्या अखेरीस आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधल्या या गाण्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांचा सुमारे दोन मिनिटांचा सोलो आहे, आणि तो कडव्याच्याच आठ कॉर्डवर उभा आहे. पेटीवर पांढरी सात, म्हणजे सप्तकातली सातवी पांढरी पट्टी, हा सा धरा. पहिली कॉर्ड सा, कोमल गंधार आणि पंचमाची आहे; दुसऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद येतो, तिसरीत कोमल निषाद, चौथीत शुद्ध धैवत आणि पाचवीत लगेच कोमल धैवत. म्हणजे एका फेरीत दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत येऊन जातात, आणि दोन्ही गिटारवादकांना प्रत्येक वेळी नेमका योग्य तो स्वर त्या क्षणी गाठावा लागतो. पेटीवर उजव्या हाताने कॉर्ड धरून तोंडाने सोलो गायलात, तर पहिल्याच ओळीत शुद्ध निषाद कोठे लागतो ते तुमचे तुम्हाला सापडेल. शेवटी दोन्ही गिटारी जोडीने कॉर्डचे स्वर सुटे सुटे करत खाली उतरतात, तो भाग तर कॉर्ड शिकण्याचा उत्तम पाठच आहे. हा सोलो तिथल्या तिथे सुचलेला नाही. फेल्डर यांनी घरी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणात त्याची रचना आधीच तयार होती, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या वेळी तीच हुबेहूब वाजवण्याचा आग्रह झाल्यावर त्यांनी मायामीहून घरी फोन करून ती कॅसेट फोनवर ऐकवायला लावली, असे त्यांनीच सांगितले आहे.

त्यानंतर लेड झेपेलिन या बँडचे 1971 सालचे ‘स्टेअरवे टू हेवन’ ऐकावे. येथे सा पांढऱ्या सहाचा आहे आणि गिटारवादक जिमी पेज यांचे बहुतेक स्वर आपल्या धानी रागाचे, म्हणजे सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद असे आहेत, त्यामुळे तुमच्या कानाला ते परके वाटणार नाहीत. पण पहिलीच ओळ खाली उतरून जेथे टेकते तेथे धानीत नसलेला कोमल धैवत लागतो, कारण त्याच वेळी खालची कॉर्ड त्या स्वराची झालेली असते. एवढ्या एका स्वराने ती सगळी ओळ उजळते. सुमारे आठ मिनिटांच्या गाण्यात हा सोलो जवळजवळ सहाव्या मिनिटाला येतो, म्हणून कोणी फक्त सोलोचा तुकडा पाठवला तर तो ऐकू नका. आधीच्या संथ चढणीशिवाय त्याला अर्धी किंमतही उरत नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या सोलोविषयी, किंवा खरे तर एकाच गाण्यातल्या दोन सोलोंविषयी. पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘द वॉल’ या 1979 च्या अल्बममधले ‘कम्फर्टेबली नंब’ हे गाणे डॉक्टर आणि त्याच्या पुढ्यातला बधिर झालेला रुग्ण यांच्यात वाटलेले आहे. डॉक्टरचे कडवे रॉजर वॉटर्स गातात, त्याचा सा पांढरी सात. रुग्णाचे धृपद, म्हणजे फिरून येणारा भाग, गिटारवादक डेव्हिड गिल्मोर गातात आणि तेथे सा सरकून पांढऱ्या दोनवर जातो. कडव्यात जो कोमल गंधार होता तोच आता षड्ज होतो. गिल्मोर यांचा पहिला सोलो धृपदाच्या कॉर्डवर आहे, म्हणून तो शांत, तरंगता आणि मोकळा वाटतो. दुसरा सोलो कडव्याच्या कॉर्डवर आहे, तेथे डॉक्टरचा आवाज आता नाही आणि गिटारच बोलते. एकाच माणसाच्या एकाच वाद्यातून दोन इतके वेगळे भाव निघतात, त्याचे मोठे कारण खालच्या कॉर्डमध्ये आहे; वरच्या स्वरांत ते शोधत बसलात तर हाती लागणार नाही.

दुसऱ्या सोलोत तार ओढण्याचे काम कान देऊन ऐकण्यासारखे आहे. सतारीप्रमाणेच गिटारवरही तार बाजूला ओढली की स्वर चढतोच, उतरत नाही; उतरती मींड हवी असेल तर तार आधी मुकाट्याने ओढून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. गिल्मोर हे दोन्ही करतात आणि ओढलेला स्वर थेट सुरात आणून तेथेच थोडा कंप देतात. या स्वराला लांबी मिळते ती ॲम्प्लिफायर आणि आवाज फाडणारे फझ पेडल यांच्यामुळे. आवाज मुद्दाम फाटू दिला की तारेचा नाद लवकर विरत नाही, तो गळ्यासारखा टिकतो. हा सोलो सलग वाजलेला नाही, कारण गिल्मोर यांनी पाच-सहा वेळा वाजवून प्रत्येकातल्या चांगल्या ओळी निवडल्या आणि त्या जोडल्या. काही सदस्यांना यात लबाडी वाटते, मला वाटत नाही. कोणती ओळ ठेवायची आणि कोणती टाकायची हे ठरवणे हीसुद्धा संगीतकाराचीच जाण आहे.

ज्यांना समोरासमोर सुचलेलेच हवे असेल त्यांनी क्रीम या तिघांच्या बँडचे ‘क्रॉसरोड्स’ ऐकावे. 10 मार्च 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ते ध्वनिमुद्रण आहे. एरिक क्लॅप्टन यांच्या गिटारच्या खाली जॅक ब्रूस यांची बेस, म्हणजे खर्जातली, गिटार गप्प साथ न करता सतत वाद घालते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे ऐकू नका, कारण बेसचे स्वरच तेथे गळतात आणि बेस गेला की कॉर्डही निम्मी गेली. साधा हेडफोन पुरतो.

वेगाविषयीची तुमची तक्रार अगदीच चूक नाही, पण ती सरसकट लावू नये. डायर स्ट्रेट्स या बँडच्या 1978 च्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मध्ये मार्क नॉफ्लर नखीशिवाय, नुसत्या बोटांनी वाजवतात आणि शेवटची ती प्रसिद्ध वेगवान आवर्तने पुन्हा कॉर्डचेच स्वर मोकळे करत जातात, म्हणून तो वेग अर्थपूर्ण वाटतो. त्याच वर्षीचे एडी व्हॅन हेलन यांचे ‘इरप्शन’ 1 मिनिट 42 सेकंदांचे आहे. उजव्या हाताचे बोट थेट पडद्यावर मारून स्वर काढण्याच्या त्यांच्या पद्धतीने पुढच्या पिढीचे वाजवणेच बदलले. तरीही ते मी तुम्हाला एवढ्यात सुचवणार नाही, कारण त्याला खाली गाणे नाही, आणि गाण्याच्या आधारानेच तुमचा कान आत शिरणार आहे. क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला सोलो मात्र आवर्जून ऐका, तो थोडक्यात आटोपतो आणि पूर्ण गाता येतो.

आता अकूस्टिक गिटारचा प्रश्न. कॉर्ड, आवर्तने आणि नॉफ्लर यांचे बोटांचे काम तिच्यावर जरूर शिका. तार ओढण्याचे काम तिच्यावर नीट होणार नाही, कारण अकूस्टिकच्या संचात तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते आणि ती पूर्ण स्वर ओढताना बोट सोलते. इलेक्ट्रिक गिटारच्या हलक्या संचात तीच तार साधी असते. तेव्हा ‘कम्फर्टेबली नंब’साठी घाई करू नका. वापरलेली पण मान सरळ असलेली इलेक्ट्रिक गिटार मिळाली तर 9 गेजच्या, म्हणजे बारीक जाडीच्या हलक्या संचातल्या, तारा चढवा, आणि खानापूरच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर त्या दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा, कारण गंजलेली तार ओढताना पडद्यावर खरखरते आणि सुरात येत नाही.