समाधान मानायचे म्हणजे धंदा वाढवायचाच नाही का?

कोल्हापुरातील ख्रिस्ती कुटुंबे हा प्रश्न मला वारंवार विचारतात. त्यांपैकी एक अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे मांडत आहे.

उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप चालवणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पत्नीसह आले होते. दरमहा घसघशीत परतावा देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका योजनेत त्यांनी घरी न सांगता ४ लाख रुपये गुंतवले होते आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. पत्नी म्हणाल्या, "सर, पैशाचा लोभ सगळ्या वाइटाचं मूळ आहे, हे मी ह्यांना रोज सांगते." त्यावर ते उसळले, "मग मशीन वाढवायचंच नाही का? गरीब राहणं म्हणजेच भक्ती का?"

त्यांचा राग मला रास्त वाटला, कारण ते वचन आपण बहुधा अर्धेच सांगतो. बायबलमध्ये, तरुण सहकारी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणतो. त्याच अध्यायात पुढे तो धनवानांना संपत्ती टाकून द्या असे सांगत नाही, तर बेभरवशाच्या धनावर आशा ठेवू नका आणि सढळ हाताने द्या असे बजावतो. फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला, बंदिवासातून लिहिताना तो आपण समाधानी राहायला 'शिकलो' असे म्हणतो, आणि हे शिकणे टंचाईइतकेच सुबत्तेलाही लागू करतो. समाधान हा काहींनाच लाभलेला शांत स्वभाव आहे असे मानून जे स्वतःला दोष देत बसतात, त्यांना मी हा शब्द मुद्दाम दाखवतो.

पुढच्या भेटीला मी त्यांना हिशेबाची वही आणायला सांगितले. ऑइलचे डाग पडलेल्या एका पानावर येणाऱ्या परताव्याची बेरीज तीन वेळा केलेली होती आणि तळाशी पेन्सिलीने लिहिले होते : 'दोघांचा बोनस – पुढे बघू'. ते दोघे म्हणजे वर्कशॉपमधले कामगार, आणि दिवाळी होऊन महिना उलटला होता. ती ओळ मी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितली. ती वाचून ते बराच वेळ गप्प बसले. अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, हे याकोबाच्या पत्रातील वचन मला सांगावे लागले नाही; ते त्यांनीच उच्चारले.

नवे मशीन घेण्याची इच्छा मला कधीच लोभाची वाटली नाही. ज्या बेरजेत कामगाराचे हक्काचे पैसे आणि पत्नीचा विश्वास दोन्ही दिसेनासे झाले, ती बेरीज मात्र लोभाची होती.

त्याच आठवड्यात त्यांनी बोनस दिला आणि मशीनसाठी बँकेत रीतसर अर्ज केला. योजनेतील पैसे अद्याप परत आलेले नाहीत. पहाटे तीनला अजूनही त्यांना जाग येते. पूर्वी ते अंधारात मोबाइलवर बेरजा करत बसायचे, आता पत्नीला उठवतात आणि दोघे मिळून प्रार्थना करतात.