कोल्हापुरातले सुवार्तिक (इव्हँजेलिकल) ख्रिस्ती नेमके काय मानतात? शहरातल्या जुन्या, मिशनच्या वायल्डर चर्चपेक्षा त्यांचं वेगळं काय?

वेगळा धर्म नाही, भर वेगळा. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989 मध्ये चार खुणा सांगितल्या: बायबल, वधस्तंभ, नवा जन्म (पुनर्जन्म नव्हे, या आयुष्यातलंच आत्मिक परिवर्तन) आणि सुवार्तेसाठी, म्हणजे येशूच्या शुभवार्तेसाठी, सक्रिय काम. पुराणमतवादी गट त्यात बायबलच्या अचूकतेचा आग्रह धरतात. 1978 च्या शिकागो निवेदनानुसार ही अचूकता मूळ हस्तलिखितांची. मराठी भाषांतरातल्या प्रत्येक शब्दाची नव्हे. इथेच बहुतेकांची गफलत होते. 'बायबल अक्षरशः खरं' म्हणजे काव्य, दृष्टांतसुद्धा शब्दशः घ्यायचे असंही नाही.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी नाही (इफिसकरांस 2:8-9). ख्रिस्ताने आपल्या पापांची शिक्षा स्वतःवर घेतली, तो सदेह उठला आणि परत येणार, हा गाभा. म्हणून ख्रिस्ती घरात जन्मला म्हणून कुणी 'तारलेला' ठरत नाही. पश्चात्ताप आणि नवा जन्म (योहान 3:3) ज्याचा त्याचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वायल्डर चर्च ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले; त्यांचं मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) झालं. त्या परंपरेत तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या विश्वास कबूल केल्यावरच, पूर्ण पाण्यात बुडवून देतात. पण एवढ्यावरून कोण सुवार्तिक हे ठरवू नका, प्रेस्बिटेरियनही सुवार्तिक असू शकतात. 'अन्य भाषा' बोलणं (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं), रोगमुक्तीची प्रार्थना यांवर तर सुवार्तिकांतच कडाक्याचे वाद आहेत.