दस्ता: कागदाचा, बत्त्याचा आणि हाताचा

एका ताईंनी विचारलं आहे: “आजोबांच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत ‘कागद २ दस्ते’ अशी नोंद सापडली. आमची आई लोखंडी खलबत्त्याला हमामदस्ता म्हणते. घर घेतलं तेव्हा वकील ‘दस्त नोंदवायचा’ म्हणत होते. हे सगळे दस्त एकच का? आणि दोन दस्ते म्हणजे किती कागद?”

हिशेब आधी सांगतो. दस्ता म्हणजे २४ ताव (कागदाचे सुटे मोठे पत्रे), म्हणजे आजोबांनी ४८ ताव आणले. आणि हो, हे सगळे दस्त एकाच घरातले आहेत.

फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. आपल्या ‘हस्त’ या शब्दाचा तो भाऊच लागतो. जुन्या इराणात या शब्दाची दोन रूपं दिसतात, अवेस्ती भाषेत, म्हणजे पारश्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत, ‘झस्त’ आणि प्राचीन फारसीत ‘दस्त’. संस्कृतातला ‘ह’ अवेस्तीत ‘झ’ आणि प्राचीन फारसीत ‘द’ होतो, हा ठरलेला फरक आहे. संस्कृतातलं ‘अहम्’ तिकडे ‘अझेम’ आणि ‘अदम्’ होतं, ते याच नियमाने. त्यामुळे ‘दस्त’ परका आणि ‘हस्त’ आपला अशी वाटणी करताना माझा तरी हात आखडतो.

आता ‘दस्ता’. हाताशी नातं असलेली वस्तू असा त्याचा मूळ भाव. फारसीत त्याचे ठळक अर्थ तीन: हातात धरायची दांडी, हातात मावेल एवढा जुडगा आणि माणसांची तुकडी. एका शब्दात इतकं कसं मावतं असं वाटत असेल, तर आपली ‘मूठ’ आठवा. मूठ म्हणजे वळलेला हात. तलवारीची मूठ म्हणजे धरायची जागा. मूठभर तांदूळ म्हणजे माप, आणि मूठभर मावळे म्हणजे थोडी माणसं. फारसीने ‘दस्ता’कडून जी कामं करून घेतली, जवळजवळ तीच मराठीने ‘मुठी’कडून घेतली. फुलांचा जुडगा तो गुलदस्ता आणि कागदांचा जुडगा तो नुसता दस्ता.

आईचा हमामदस्ता यातल्या पहिल्या अर्थाचा, धरायच्या दांडीचा. पण त्यातल्या ‘हमाम’चा न्हाणीघराशी काही संबंध नाही. मूळ शब्द ‘हावनदस्ता’. हावन म्हणजे खल आणि दस्ता म्हणजे बत्ता. हावन हा शब्द विसरला गेला, तेव्हा लोकांनी त्या जागी ओळखीचा ‘हमाम’ बसवला. हिंदीत तर काही ठिकाणी ‘इमामदस्ता’ म्हणतात, आणि मग कुठल्याशा इमामाची गोष्टही त्याला चिकटते. खरा ‘हावन’ फार जुना आहे. अवेस्तेतल्या विधीत होम नावाची वनस्पती ज्या खलात कुटतात तो हावन, आणि पारशी मोबेद, म्हणजे धर्मगुरू, यस्न हा विधी करताना आजही तो वापरतात. होम म्हणजेच वेदांतला सोम. रस काढण्यासाठी सोम कुटण्याला वेदांत ‘सवन’ म्हणतात, ते हावनच्याच धातूचं. म्हणजे आईच्या हमामदस्त्यातल्या दोन्ही तुकड्यांना संस्कृतात भावंडं आहेत, सवन आणि हस्त. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावरचं हे भांडं मला तेव्हापासून वेगळंच दिसतं.

वकिलांचा ‘दस्त’ म्हणजे ‘दस्तऐवज’चं आखडलेलं रूप. दस्त-आवेज म्हणजे हाताने धरून राहण्यासारखी, आधाराची गोष्ट. दस्तखत म्हणजे हाताचं अक्षर, सही. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वरचा तो, कारण ‘जबर’ म्हणजे वर. आणि दस्तगीर म्हणजे हात धरणारा. बगदादचे सूफी संत अब्दुल कादिर जिलानी ११६६ मध्ये वारले. त्यांना पीर दस्तगीर म्हणतात, आणि आपल्याकडे दस्तगीर नावाची माणसं भेटतात ती त्यांच्या नावाची.

लग्नाचा ‘बस्ता’ मात्र या कुळातला नाही. तो ‘बांधणे’ या अर्थाच्या फारसी धातूपासून आला. बांधलेलं ते बस्ता. नुसत्या यमकावर जाऊ नये.

पण कागदाच्या जुडग्याला हाताचं नाव का? वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे आले असं तिथे सांगतात. जुन्या रीतीत कारागीर गवती काड्यांची चाळण दोन्ही हातांनी हौदातल्या पातळ लगद्यात बुडवतो, आडवी धरून हळूच वर उचलतो आणि पाणी निथळलं की ओला ताव आधीच्या तावावर उलटतो. मग दाबून पाणी काढायचं, एकेक ताव सोडवून भिंतीला लावायचा, सुकला की खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. प्रत्येक ताव कितीदा हातातून जातो ते पाहिलं, की मोजायलाही हातच वापरला याचं नवल वाटत नाही.

आणि ही मोजणी फारसीपुरती नाही. फ्रेंचमध्ये २५ तावांच्या जुडग्याला ‘मँ’ म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये रीमच्या, म्हणजे कागदाच्या मोठ्या गठ्ठ्याच्या, विसाव्या भागाला ‘मानो’. दोन्हींचा अर्थ हात! कागदाची विद्या चीनमधून समरकंदला आली, आठव्या शतकात बगदादला पोचली आणि बाराव्या शतकापर्यंत अरबांच्या स्पेनमध्ये शातिवा या गावी कागद बनत होता. युरोप कागद करायला शिकला तो या वाटेने.

‘रीम’ची गोष्ट तर याहून सुंदर. अरबीत ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा. स्पॅनिशमध्ये त्याचं ‘रेस्मा’ झालं, पुढे फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून मराठीत ‘रीम’ होऊन आला. म्हणजे दुकानदार “एक रीम आणि दोन दस्ते” म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी एक अरबी शब्द असतो आणि एक फारसी. एक स्पेनला वळसा घालून आला, दुसरा दख्खनच्या दरबारी फारसीतून. २४च्या हिशेबाने २० दस्त्यांचं रीम ४८० तावांचं होतं. आता बाजारात ५००चं चालतं.

खुद्द ‘कागद’ शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. हिंदीत ‘कागज’, म्हणून मराठीतला ‘द’ हा अपभ्रंश असं काही जण समजतात. तसं नाही. फारसीत ‘कागद’ हे रूप जुनं आहे आणि अरबीने ते ‘द’सकटच उचललं. मराठी आणि कन्नडने तो जपला.

ताई, वहीत त्या नोंदीपुढे कागदाची जात लिहिली आहे का, तेवढं बघा. जुन्या कागदपत्रांत ‘जुन्नरी’, ‘दौलताबादी’ अशी गावावरून नावं येतात. तसं काही सापडलं तर त्या पानाचा फोटो जरूर पाठवा.