तुला विचारलं का कुणी?

ताई, मी चाकणच्या एका कंपनीत १४ वर्षं क्वालिटीत आहे, सध्या सीनियर मॅनेजर. ऑपरेशन्सच्या एजीएमची, म्हणजे असिस्टंट जनरल मॅनेजरची, जागा निघाली आणि माझ्याहून तीन वर्षं ज्युनियर असलेल्याला दिली. साहेब म्हणाले, "मुलगी दहावीला आहे ना तुझी? रात्री-अपरात्री प्लँटवर यावं लागतं. तुझाच विचार करून नाव घातलं नाही." कस्टमर ऑडिटला रात्री दोनपर्यंत थांबते तेव्हा हा विचार कुठे असतो? नवरा म्हणतो, आहे ते बरं आहे. मी उगाच मनाला लावून घेतेय का?
– एक वाचक, निगडी

अगं, उगाच कसलं! त्या ज्युनियर गृहस्थांची मुलं कितवीत आहेत, साहेबांना ठाऊक आहे का? विचार एकदा.

१९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं चक्क छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं आणि त्या टेल्कोत लागल्या, तेही पुण्यातच. आता असं कुणी छापत नाही. तेच वाक्य काळजीच्या सुरात म्हणतात, आणि काळजीशी भांडायचं कसं? २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक बाई घ्यावी लागते. पण तू अडकलीस त्या मधल्या पायरीला असला कायदा नाही.

आता जरा कडू बोलते. 'मला ही जागा हवी' असं तू साहेबांना आधी सांगितलं होतंस का? पत्रात तरी दिसलं नाही. आणि क्वालिटीवाला लाइन थांबवतो, प्रॉडक्शनवाला आकडा काढून देतो. ऑपरेशन्सच्या खुर्चीत बहुधा प्रॉडक्शनवालाच बसतो. म्हणून प्रॉडक्शनची एखादी लाइन सहा महिने मागून घे, रात्रपाळीसकट. टपरीवरच्या चहात नको, केबिनमध्ये बसून बोल. रात्री थांबलीस त्या ऑडिटच्या तारखा घेऊन जा. बाहेर आलीस की त्याच दिवशी मेल टाक: 'आज आपलं असं बोलणं झालं.' पुढच्या अप्रेझलला तोच कागद कामाला येतो.

नवऱ्याला 'आहे ते बरं' कुणासाठी, एवढंच विचार. रात्रपाळी मिळाली तर सकाळचा डबा कोण करणार, तेही त्याच बैठकीत ठरवून टाक. दहावीचं म्हणशील तर परीक्षा मुलीची आहे, तिची तिला देऊ दे.

आणि हो, ८ मार्चच्या गुलाबांची ऑर्डर दरवर्षी तूच देत असशील, तर यंदा ती त्या नव्या एजीएमना देऊ दे.
– ताई