नर-मादी दोन्ही साधे दिसणारे बॉल पायथन (पाळला जाणारा एक अजगर), पण अल्बिनोचे वाहक, म्हणजे जोडीतलं एक जनुक अल्बिनोचं, पण ते अंगावर दिसत नाही. ६ अंड्यांत अल्बिनो पिल्लू किती?

सरासरी काढली तर दीड. पण अर्धं पिल्लू जन्मत नाही, म्हणून शक्यता बघा.

पिल्लाला आई आणि बाप, दोघांकडूनही अल्बिनो जनुक मिळालं तरच ते पिवळं-पांढरं दिसतं. म्हणजे प्रत्येक अंड्याला ½ × ½ = ¼. हे प्रत्येक अंड्याला नव्याने लागू. ठाणे लोकलमध्ये तिघे बसले की सरकून चौथ्याला जागा देतात, तसं इथे काही नसतं! सहाच्या सहा पिल्लं साधी निघण्याची शक्यता ०.७५ चा सहावा घात, म्हणजे जवळपास १८ टक्के. एखादं तरी अल्बिनो मिळण्याची ८२.

लोक खरे फसतात ते साध्या पिल्लांत. त्यांतली तीनपैकी दोन वाहक असतात, पण नुसतं बघून कोणती ते कळत नाही. म्हणून विकणारे '६६ टक्के हेट' म्हणतात. 'हेट' म्हणजे वाहक. पिल्लू ६६ टक्के अल्बिनो आहे असा त्याचा अर्थ नव्हे. मी त्यासाठी जास्तीचे पैसे देणार नाही.

मादी थेट अल्बिनोच आणलीत तर ¼ चं ½ होईल.

आणि हो, जोडीची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली आहे ना? पिल्लांचीही करावी लागते.